दोन आखूड शिट्ट्या

आक्का: ज्यांना रडायचंय त्यांनी आधीच रडून घ्यावं. एकदा मला उचलायला हात घातले, की मग कुणी नाक ओढत बसायचं नाही.

लेक: आई, मामाला चहा तरी पिऊ दे. आल्या आल्या काय हे!

भाऊ: फोनवर म्हणाली, 'ये, काम आहे.' मला वाटलं इस्त्री बिघडली असेल. मी पाना-पक्कड घेऊन आलोय.

आक्का: कामच आहे. मला दम लागतो, मध्ये तोंड घालू नका. डॉक्टर काल काय म्हणाले? आता औषधांचा उपयोग नाही, मनाला येईल ते करा. माझ्या मनाला हे आलंय. फुलं नकोत. भाषण नको. जावईबापूंना तर मुळीच बोलू देऊ नकोस, ते एकदा सुरू झाले की मी परत उठून बसेन.

लेक: बरं बाई. अजून काय?

आक्का: उचलायच्या आधी शिट्टी. दोन आखूड. ती झाल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही.

लेक: शिट्टी? तिथे?

भाऊ: डोकं फिरलंय हिचं.

आक्का: फिरलेलं नाही, जागेवर आहे. सकाळपासून खिडकीतून समोरच्या रंगाऱ्यांच्या शिट्ट्या ऐकतेय, तेव्हाच सुचलं. अगं, तुझे आजोबा उंच इमारती रंगवायचे, एवढं तुला ठाऊक आहे ना?

लेक: आणि तू खाली उभी राहायचीस, तेही. हजारदा ऐकलंय.

आक्का: नुसती उभी नव्हते राहत! रंगाचा डबा दोराला बांधायचा, गाठ तपासायची, डब्याखाली कुणी नाही ना बघायचं. मग दोन बोटं तोंडात आणि दोन आखूड. म्हणजे 'ओढा'. डबा वर पोचला की बाबांची एक लांब. म्हणजे 'मिळाला'. वाऱ्यात ओरडून काही ऐकू जात नाही, समोरचेही अजून याच खुणा करतात. आणि शिट्टीशिवाय दोर ओढायचा नाही, हा बाबांचा कायदा होता. मला तोच कायदा हवाय.

लेक: सुंदर आहे गं. पण वाजवणार कोण?

आक्का: हा काय समोर बसलाय. हिरव्या.

भाऊ: मी?

आक्का: मग काय शेजारच्यांना बोलावू?

भाऊ: आक्का, मला शिट्टी येत नाही. तुला माहितीये. अख्ख्या आळीला माहीत होतं! त्या शिट्टीपायीच तर मी जन्मभर हिरव्या झालो.

लेक: म्हणजे? मला वाटायचं हिरव्या हे लाडाचं नाव आहे.

आक्का: लाडाचं कसलं! मला ताप आला होता, म्हणून त्या दिवशी हा खाली होता. याला शिट्टी येईना. नुसतं फुस्स फुस्स. मग पठ्ठ्याने काय करावं? दोराला हिसका दिला!

भाऊ: बाबांना कळावं म्हणून दिला.

आक्का: कळलं ना! त्यांनी ओढला, अर्ध्या वाटेत गाठ सुटली आणि अख्खा डबा याच्या डोक्यावर. हिरवागार. आईने रॉकेलने घासला, दगडाने घासला. तरी महिनाभर कानामागे हिरवा. मास्तर हजेरी घेताना विचारायचे, 'आमचा पोपट आलाय का?'

लेक: अगं बाई! आई, हळू, हळू हस. पाणी देऊ?

आक्का: नको. हसू दे. किती दिवसांनी पोट दुखतंय ते हसून दुखतंय.

भाऊ: तुझ्यासाठी गंमत आहे. बाबांनी नंतर मला कधी खाली उभं केलं नाही. त्यांचा धंदा मी चालवला, चाळीस माणसं हाताखाली होती, पण गळ्यात शिट्टी अडकवून फिरलो. लाज वाटायची.

लेक: मग तीच शिट्टी वाजव ना, मामा. नाहीतर मोबाइलवर...

आक्का: मोबाइल नको, विकतची शिट्टी नको. तोंडाची पाहिजे. माझा श्वास आता पुरत नाही, कालच रात्री पांघरुणात करून बघितलं, वारासुद्धा आला नाही. माझ्यानंतर या घरात कुणालाच येणार नाही. ते मला नकोय. चल, घाल बोटं तोंडात.

भाऊ: आत्ता?

आक्का: नाहीतर केव्हा? माझी तारीख वाढवून घेऊ का?

भाऊ: हात धुऊन येतो.

आक्का: लहानपणी चिखलाचे हात तोंडात घालायचा. बस खाली. जीभ मागे दुमड. बोटांनी दाबून धर. आता फुंक.

भाऊ: फुस्स... झालं समाधान?

आक्का: ओठ कुठेत तुझे? ओठ दातांवरून आत वळव. दात दिसताच कामा नयेत.

भाऊ: वळवले. फुस्स... अरे, अरे!

लेक: मामा, कवळी! कवळी निसटली!

आक्का: थांब. थांब जरा. हिरव्या, लहानपणी तुझे दात पुढे होते.

भाऊ: हो, आणि तू मला ससा म्हणायचीस. आज सगळंच उकरून काढणार आहेस का?

आक्का: अरे वेड्या, ऐक! म्हणून तुला येत नव्हती! ओठ पुरायचेच नाहीत त्या दातांना. मी आपली तुझी जीभ ओढून ओढून शिकवत होते. दोष जिभेचा नव्हताच. आता ते दात कुठेत?

भाऊ: गेले. केव्हाच.

आक्का: मग काढ ती कवळी!

भाऊ: भाचीसमोर?

लेक: मी पाठ फिरवते, मामा. खिडकीत उभी राहते. काढ तू.

आक्का: हां. आता ओठ वळव. अगदी आत. जीभ मागे. बोटं घट्ट. पोटातून फुंक, गालातून नाही.

भाऊ: फुस्स... आक्का, मला नाही जमत. मला तू जाणारच आहेस हे धरून काही करवत नाही. तू गेलीस की मला हिरव्या म्हणणारं कोण राहिलं?

आक्का: ये इकडे. हात दे. मलाही जावंसं वाटत नाही रे, अजिबात वाटत नाही. पण जायचंच आहे, तर मला चोरासारखं गुपचूप नाही जायचं. बाबांचं सामान जसं वर जायचं, तसं जायचंय. तेवढं माझ्यासाठी कर. फुंक.

लेक: आई, समोर गंमतच आहे. खालच्याने डबा बांधून ठेवलाय आणि स्वतः पाठ करून फोनवर बोलत बसलाय. वरचे दोघं दोर धरून ताटकळलेत.

आक्का: गाठ नीट आहे का?

लेक: इथून घट्ट दिसतेय. दुहेरी आहे.

आक्का: डब्याखाली कुणी? जवळपास?

लेक: कुणी नाही. तो माणूसही लांब आहे.

आक्का: रंग कुठला?

लेक: पांढरा.

आक्का: मग भिऊ नकोस, हिरव्या. खिडकीशी जा. खिडकी पूर्ण उघड गं. आता वाजव. दोन.

भाऊ: फु... फ्वी...

आक्का: आली! टोक आलं! अजून आत वळव!

भाऊ: फ्वीट! फ्वीट!

लेक: मामा!

आक्का: गप्प! वर बघ, वर! काय चाललंय?

लेक: ओढतायत! आई, डबा निघाला वर! तो फोनवाला बघ कसा दचकला, इकडेतिकडे शोधतोय!

भाऊ: मी वाजवली. आक्का, मी वाजवली!

आक्का: ऐकलं, ऐकलं! अख्ख्या गल्लीने ऐकलं! शाब्बास रे माझ्या पठ्ठ्या!

लेक: तिसरा मजला. चौथा. घेतला, आई, त्यांनी हातात घेतला.

(समोरून एक लांब शिट्टी येते.)

लेक: मामा, डोळे पूस. आई, तूसुद्धा.

आक्का: मी नाही रडत. जिंकल्यावर कोण रडतं? दे आता चहा दोघांना. मलाही दे, घोटभर. आणि कवळी घाल रे, फार म्हातारा दिसतोस.

भाऊ: रोज येतो. रोज वाजवून दाखवतो. त्या दिवशी चुकायला नको.

आक्का: ये. सकाळीच ये.

भाऊ: पण आक्का, त्या दिवशी मी दोन वाजवीन. वरून लांब शिट्टी कोण देणार?

आक्का: ती तू ऐकत बसू नकोस. माझा एकही डबा बाबांनी कधी खाली पडू दिला नाही.