आईच्या खिडकीखालची सदाफुली

नाही, रोज पाणी नाही घालायचं — कितीदा सांगू, ताई? सदाफुली आहे ती, कमळ नव्हे. पाणी साचलं की मुळं कुजतात, मग तुम्ही येणार, ‘मेलं तुमचं रोप’ म्हणत. ऊन आहे ना घराला? भरपूर? मग झालं. माती भुसभुशीत ठेवा, मधून मधून शेंडे खुडा, बारा महिने फुलेल — मरायचं नाव घेत नाही ती, माणसंच मारतात. आमच्या दादानं मारली की! आईच्या खिडकीखाली वाफा होता, सगळा तिच्या हातचा. ती अंथरुणाला खिळली आणि दादानं उपटला, का तर चिखल होतो म्हणे, डास होतात — फरशी घातली आणि वर कुंड्यांत प्लास्टिकची फुलं खोचली. शी! वहिनी म्हणते, ‘आईंना कुठे नीट दिसतंय? रंग दिसला म्हणजे झालं.’ ती निदान उघडपणे म्हणाली तरी, मी... असो. आई रोज विचारायची, ‘आज किती उमलली गं?’ मी म्हणायची, ‘खूप.’ काय सांगणार? घरात भांडण नको, तिच्या जिवाला घोर नको. मग एके सकाळी म्हणाली, ‘एक हातात दे ना.’

हो, होती की माझ्याकडे! ही काय, रांगच्या रांग — तेव्हाही होती. पण नर्सरी उघडायची घाई, उद्या आणू म्हटलं, आणि... खिडकीबाहेर खोचलेल्यांतलंच एक काढलं मी. धूळ होती त्यावर. नळाखाली धरलं — धुवायला? छे, कुठलं धुवायला! ओलं लागावं, ताजं वाटावं म्हणून. आणि दिलं तिच्या हातात. आईच्या हो! चाळीस वर्षं मातीत घातलेले हात ते. पाकळी चोळली तिनं, फूल नाकाशी नेलं, आणि हळूच उशाशी ठेवलं. मला म्हणाली, ‘छान आहे. जा तू, उशीर होईल.’ पुढे महिनाभर होती, पण फुलांचं नाव काढलं नाही तिनं.

दादाला शिव्या घालते मी सगळ्यांपुढे, चवीनं घालते. किळस येते — दादाची नाही हो —

काय बघताय अशा? घ्यायचंय का रोप? नको, राहू दे. ठेवा ते खाली. कोपऱ्यावर दुसरी नर्सरी आहे, तिकडे जा.