ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही

— नको, उघडूच नकोस. मी कुठं म्हणतेय उघड म्हणून? मी आपली जिन्यात उभी आहे, जिना सोसायटीचा आहे, कुणीही उभं राहावं. तू हवं तर टीव्हीचा आवाज मोठा कर — केलास? बरं झालं, आता मलाही ओरडून बोलता येईल. शकू बोलतेय मी. समोरची शकूच, दुसरी कोण असणार, या मजल्यावर दारं दोनच, एक तुझं नि एक माझं. तर मालन, खाली हादगा आहे आज — त्या पुण्याकडच्या नव्या सुना भोंडला म्हणतात, म्हणू देत बापड्या — आणि यंदा खिरापत माझी आहे, आणि डबा माझ्या हातात आहे, आणि हात भाजतोय माझा. कडेवर घेतला तर कंबर भाजते. तेव्हा लवकर ओळख, म्हणजे मी जाते. आतनंच ओळख. गोड का तिखट ते तरी विचार. विचार की! … नाही विचारत? बरं, मीच सांगते. तिखट.

आता तुला वाटेल, शकूचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. सकाळपासनं मी हसतेच आहे, कुणी विचारलं काय झालं तर सांगता येईना. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, रक्तदाब बघू का तुझा? मी म्हणलं बघा, तर मशीनकडं बघूनच मला हसू फुटलं. अगं, तुला सांगते, इतकी वर्षं मी खिरापत केली नि इतकी वर्षं तू ओळखलीस. सगळ्या बायकांचं शंकरपाळे, चकल्या, घारगे, सांजोऱ्या म्हणून म्हणून तोंड दुखायचं, मी आपली नाही नाही म्हणत फुगत जायचे — आणि तू फेराच्या पलीकडनं, पदर खोचत, अगदी सहज, “धपाटे आहेत गं, लोणी वेगळ्या डब्यात आहे.” लोणीसुद्धा! एकदा मी मुद्दाम नणंदेकडं विश्रामबागला जाऊन करून आणलं, तरी ओळखलंस. कसं ते मला ठाऊक आहे, माझ्या पिशवीवर पीठ सांडलं होतं. माझ्या बायकोला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं, असं आप्पा म्हणायचे ना — 

म्हणायचे, ते म्हणायचे. बरं. राहू दे आप्पांचं. मी आप्पांवर बोलायला आले नाही, मी हत्तीवर बोलायला आलेय. हत्ती मी काढलाय यंदा. हां, आता कसा टीव्हीचा आवाज कमी झाला! पाट तोच, तू दरवर्षी घेतेस तो, मोठा, शिसवी. तांदूळ घेतले, मसूर घेतला, सगळं तुझ्यासारखं. आधी पाय काढले, तर एक पाय पाटाबाहेर गेला. मग सोंड वर काढायला गेले ती शेपटीलाच जाऊन भिडली. मग म्हणलं कान मोठे काढावेत, कानात झाकून जाईल सगळं — तर खालची पोरं आली बघायला आणि म्हणाली, “शकूआजी, डायनासोर मस्त झालाय!” डायनासोर! त्याच्याभोवती फेर धरायचाय आता सवाष्णींनी, म्हणजे — बायकांनी. बायकांनी फेर धरायचाय. हसतेस का गं? खोकलीस? खोकला बरा नाही हा, हवा पालटतेय.

हे बघ, खाली सगळ्या जमल्यात. पार्किंगमधल्या गाड्या काढल्या, सतरंज्या टाकल्या, फळांची माळ टांगली, काकड्या पोरांनी आधीच पळवल्या त्या पळवल्या. सगळ्या काठापदराच्या साड्या नेसून उभ्या आहेत, आणि सुरू कुणी करीना. का? कारण पहिलं गाणं तू म्हणणार म्हणून थांबल्यात. हो. मी सांगितलं तसं. आता — चिडू नकोस — मी म्हणाले, मालन येणार आहे, मला कबूल केलंय तिनं. खोटं बोलले. सरळ सरळ खोटं, गणपतीच्या फोटोखाली उभी राहून. काय करणार मग? त्या साळुंखे वहिनी, चेअरमनबाई, मिटिंगला बसल्या आणि आवाज मऊ करून म्हणतात, “मालनताईंना बोलवायचं खरं, पण वर्ष व्हायचंय अजून, त्यांनाच कसंतरी वाटेल हो, आणि हादगा म्हणजे सवाष्णींचंच की जरा.” माझं टाळकंच सरकलं. मी म्हणलं, वहिनी, हत्ती काय बायकांची कपाळं तपासतो काय? आणि गाणी कुणाला येतात इथं, तुम्हाला? तुम्ही तर मोबाइलवर लावता आणि मधे जाहिरात लागते! सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात मी बोलून बसले, की मालन येणार म्हणजे येणारच, आणि ती नाही आली तर माझी खिरापतही नाही. आता अडकले मी, मालन. तू नाही आलीस तर या वयात तोंड लपवत फिरायचं, भाजी आणायला मागच्या गेटनं.

काय? काय म्हणालीस? जरा मोठ्यानं — 

… हं.

हो. आहे मला नवरा. आहे, खाली आहे, त्या पाटाशेजारी खुर्ची टाकून बसलाय, कावळ्यांनी हत्ती खाऊ नये म्हणून हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. मला आहे नि तुला नाही. मला काय कळणार, खरंय तुझं, काही कळत नाही मला. मी काही तुला समजवायला आले नाही, बाई. आप्पा गेले त्या दिवसापास्नं जो तो तुला समजवून जातोय, आणि सगळ्यांनी समजवलं म्हणूनच तू आत बसलीस की काय असं मला वाटतं. मला एवढंच कळतं — आता हे तुला बोलायचं नव्हतं मी, पण बोलते — मला तो डक्ट कळतो. आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या मधला तो डक्ट. तुझी खिडकी नि माझी खिडकी समोरासमोर, मधे ते पाइप नि कबुतरं. तुझ्या घरात काय शिजतंय ते मला कधी विचारावं लागलं नाही. सकाळी तुझी लसणाची फोडणी बसली की आमचे हे म्हणायचे, “मालनवहिनी उठल्या, चहा टाक.” घड्याळ नको की काही नको! आणि ज्येष्ठापास्नं — एक दिवस नाही गं. एक दिवस त्या डक्टातनं फोडणीचा वास आला नाही. दूध उतू गेल्याचा येतो, भात लागल्याचा येतो. दूधभात खातेस तू रोज. खरंय का नाही? मी खिडकीत उभी राहते. स्टुलावर. हसू नकोस, रोज उभी राहते. हे काल ओरडले, पडशील एखाद दिवशी डक्टात, आणि काढायला कोण उतरणार?

आणि परवा तो माणूस आला होता ना, टेप घेऊन, भिंती मोजत? मी दाराच्या भिंगातनं बघितला. कपाटं करणारी माणसं अशी बूट चकचकीत करून येत नाहीत. घरं विकणारा होता तो. तुझी सुनेत्रा म्हणत असेल, आई, बंगळूरला ये, एकटी कशाला राहतेस. चांगली पोरगी आहे, काळजीनंच म्हणते, तिला नावं नाही ठेवत मी. जा तू, जायचं तर. पण दूधभात खात खात जाऊ नकोस गं. जायचं तर खाली उतरून, हादगा खेळून, माझी खिरापत ओळखून, साळुंखे वहिनींच्या नाकावर टिच्चून जा. आणि मी काय करायचं मागे? समोरच्या घरात कुणीतरी येईल, ओव्याऐवजी ओरिगॅनोवर जगणारं, त्यांना मी काय ओळखायला देऊ? मला हरवायला माणूस नको का कुणी?

झालं! म्हणलं होतं रडायचं नाही. रडत नाहीये. डबा भाजतोय. ओळख ना गं बाई, हात गेला माझा! हलवून दाखवू? हलवून दाखवायचा नियम आहे आपला. ऐक हं, दाराला कान लाव —

ऐकलंस? डचमळलं. हो, पातळ आहे! खिरापत कधी पातळ असते का? नसते. म्हणून तर! सांगलीत काय, साऱ्या जगात कुणी केली नसेल, खालच्या त्या सगळ्या मान मोडेस्तोवर चकल्या-शंकरपाळे करत बसतील आणि ओळखायचं नाव नाही. अख्ख्या सोसायटीत एकाच बाईला हे ओळखता येईल. अजून एक खूण देते: आम्ही इथं राहायला आलो तो दिवस आठव. नळाला पाणी नाही, गॅस जोडलेला नाही, सामानाच्या टेंपोवाल्यानं कपाट जिन्यात अडकवलेलं, आणि मी त्या कपाटाच्या अलीकडं नि माझी पोरं पलीकडं रडतायत. तेव्हा एक बाई पातेलं घेऊन आली, ओळख ना पाळख, आणि कपाटाच्या वरनं, वरनं गं, पातेलं माझ्या हातात दिलं. आम्हाला ताटल्या सापडेनात. डब्याच्या झाकणात घेऊन खाल्लं आम्ही. तसलं मी परत कुठं — हलवते परत एकदा, नीट ऐक —

अगंबाई! अगंबाई, झाकण! सुटलं — सांडलं, मालन, तुझ्या रांगोळीवर — रांगोळी कुठली, तू काढतच नाहीस हल्ली — उंबऱ्यावर गं, रस सगळा, दाराखालनं आत चाललाय बघ तुझ्या! फडकं घाल! सगळा नाही, रसच तेवढा गेला, वळलेल्या आहेत शिल्लक, तळहातावर एकेक वळलीय मी, सकाळपास्नं हेच करतेय — अरे देवा, सांगून बसले का मी? नाही ना सांगितलं? नाव नाही घेतलं मी!

… मालन?

टीव्ही बंद केलास? पुसतेयस? … वास घेतेयस काय? चव? फरशीवरची चव घेतलीस का गं बोटानं? शी, बये! …

काय म्हणालीस? मोठ्यानं म्हण. परत म्हण!

शेंगोळी! हुलग्याची शेंगोळी! हो, हो, हो! ओळखली! हरले बाई, हरले, देवा शप्पथ यंदाही हरले — काय? काय कुठाय? लसूण? अगं नवरात्र आहे! नवरात्रात लसूण कुठनं घालू, निम्म्या बायका खात नाहीत — हो गं, ठाऊक आहे मला, लसणाशिवाय शेंगोळी म्हणजे — पाण्यात बुडालेल्या रबरी रिंगा, हो, बोल, बोल, अजून बोल! तुला वास यावा म्हणून डक्टाची खिडकी सताड उघडून, वर पंखा लावून शिजवली दुपारभर, तरी तुला वास आला नाही. माझंच डोकं! बिनलसणाचा वास येणार कुठनं? उपासवाल्यांना राजगिऱ्याचे लाडू ठेवलेत, त्यांची चिंता नको, पण बाकीच्यांचं — मालन? कुठं गेलीस? रागावलीस? मी निघू का?

हा कसला आवाज? … खलबत्ता आहे का गं हा? मालन, खलबत्त्यात काय ठेचतेयस? … लायटर. ते लायटर आहे. गॅस पेटला. अगं नवरात्र आहे — बरं. बरं, काही बोलत नाही मी. देवीचं मी बघते, तिला मी सांगेन, पाप माझ्या नावावर लाव म्हणून. कर. तेल तापू दे नीट. घाई करू नकोस, मी आहे उभी. खालून हाका मारतायत — आलो गं! आलो! दोघी येतोय! — चर्रर्र झालं… 

आला. आला गं वास. जिनाभर आला. खाली गेला बघ, हे ओरडतायत खालनं, “चहा टाका म्हणावं!” ऐकलंस का?

उघडलंस गं दार! थांब, डबा धरते मी, ओत पळी, सगळी ओत, खरवडून ओत. केवढी वाळलीस गं. पातळ तरी चांगलं नेसलीयस, आधीच नेसून बसली होतीस काय? … नाही विचारत. चपला राहू देत, अनवाणीच चल, खाली सतरंज्या आहेत. घे डबा. नाही, तूच घे, ओळखणाऱ्यानं झाकण उघडायचं. आणि आधी तो हत्ती पुसून नवा काढ, सुरुवातच त्याच्यापास्नं कर, साळुंखे वहिनींशी नंतर बोल.

मी? मी येते मागनं. तुझं दार उघडंच टाकलंयस, ते लावते, उंबरा पुसते. काही झालं नाही मला. बसते जरा पायरीवर, कंबर भाजलीय माझी. बघू नकोस वळून. जा म्हणते ना! जा, थांबल्यात तुझ्यासाठी.