सात मीटरवर लाल काटा

पोलीस ठाणे, रत्नागिरी. दिनांक १५/११/२००३, शनिवार.

नाव वासंती श्याम मयेकर, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (प्राथमिक शिक्षिका), राहणार मांडवी, रत्नागिरी.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती श्याम यांच्यासह राहते. माझे वडील भिकाजी शिवलकर मुंबई बंदरात पाणबुडे होते. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर पाण्याखाली जाऊन कापणे हे त्यांचे काम. असे एक परदेशी जहाज त्यांनी मोकळे केले, तेव्हा त्या जहाजाच्या इंजिनिअरने स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ काढून त्यांना दिले. गेल्या मे महिन्यात वडील वारले. मी एकुलती एक असल्याने घड्याळ माझ्याकडे आले.

घड्याळ स्टीलचे, चावीचे आहे. वेळेच्या काट्यांशिवाय त्यात एक लाल काटा आहे. घड्याळ पाण्यात नेले की तो काटा खोली मीटरमध्ये दाखवतो आणि सगळ्यात खोल जिथे गेला तिथेच थांबतो. बाजूचे बटण दाबले की परत शून्यावर येतो.

एसटी स्टँडजवळच्या लॉजवर जुनी घड्याळे पारखून विकत घेणारा इसम उतरल्याची जाहिरात मी वाचली. घड्याळ कोणत्या बनावटीचे आणि केवढ्याचे आहे एवढेच मला जाणून घ्यायचे होते. आज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी तेथे गेले. सदर इसमाने आपले नाव सलिल सांगितले. त्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे मागचे झाकण उघडले. त्याच्या हातातला चिमटा हलत होता. नंतर म्हणाला, स्विस आहे पण लाल काटा मेलेला आहे, आठशे रुपये येतील. मी विकायचे नाही म्हटले. तेव्हा घड्याळ ठेवून जा, बनावटीचे साल शोधून ठेवतो, संध्याकाळी या, असे त्याने सांगितले. मी पावती मागितली नाही.

शाळेत माझे लक्ष लागेना. आठशेच्या वस्तूला माणसाचा हात असा का कापावा, हेच डोक्यात होते. शनिवारची शाळा सुटताच लॉजवर गेले तर खोली रिकामी. तो चिपळूणच्या गाडीने गेल्याचे मॅनेजरने सांगितले. मी पतीस फोन करून बोलावले. आम्ही स्कूटरवरून हातखंबा तिठ्यावर गाडी गाठली. पतीने स्कूटर गाडीपुढे आडवी घातली. ड्रायव्हर रागाने खाली उतरला. मी गाडीत चढले. सदर इसम खिडकीशी बसला होता, मला पाहून त्याने बॅग मांडीवर घेतली. तिठ्यावरच्या पोलिसांनी त्यास बॅगेसह येथे आणले.

फौजदार साहेबांसमोर बॅगेतून सहा घड्याळे निघाली. त्यात माझे होते, पट्टा मात्र बदललेला. सदर इसम म्हणाला, सर्व माल मुंबईत विकत घेतला आहे, या बाईंना मी आयुष्यात पाहिलेले नाही. फौजदार साहेबांनी मला ओळखीची खूण विचारली.

मी सांगितले की, वडिलांकडून ते एकदा जहाजाच्या बुडावर आपटले होते. तेव्हापासून लाल काटा खऱ्या खोलीपेक्षा दोन मीटर जास्त दाखवतो. हे वडील आणि मी सोडून कोणास माहीत नाही. मी लहानपणी घरच्या विहिरीत त्यांच्यासोबत ते घालून बुडी मारली आहे. मात्र पंचवीस वर्षांत घड्याळ पाण्यात गेलेले नाही. काटा खरोखर मेला असेल तर माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

सदर इसम हसला.

फौजदार साहेबांच्या परवानगीने आम्ही सर्व जवळच्या विहिरीवर गेलो. हवालदारांनी दोराला दगड बांधून आत सोडला. पाणी पाच मीटर भरले. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, ओढणी काढून पतीकडे दिली. ते म्हणाले, "अगो, विहीर आहे ती. तू आता लहान नाहीस." मी घड्याळ मनगटावर बांधले, लाल काटा शून्यावर असल्याचे साहेबांना दाखवले आणि उतरले.

दोर धरून खाली गेले. अर्ध्यावर कान दुखले. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे नाक दाबून कान मोकळे केले. तळाशी अंधार होता, काटा दिसला नाही. हात चिखलात खुपसला, मूठ भरली आणि वर आले. चिखल पायरीवर टाकला. घड्याळ न पाहता हात वर केला.

फौजदार साहेब वाकून पाहून म्हणाले, "सात."

हवालदारांनी पाहिले, पतीने पाहिले. सदर इसम सर्वांना बाजूला सारून पुढे आला आणि माझे मनगट धरून पाहू लागला. त्यास फार आनंद झालेला दिसला. तो म्हणाला, "बाई, काटा जिवंत आहे हो! आठशे सांगितले तेव्हा मला वाटलं, मेलाय. हे अडीच लाखांच्या खाली देऊ नका."

मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आले आणि तो खाली बसला. मी पायरीवर बसून हसत होते. हसू थांबवणे मला जमले नाही.

घड्याळ मुद्देमाल असल्याने कोर्टाच्या आदेशानंतर मिळेल, असे मला समजावण्यात आले आहे. विक्रीबाबत मी आज काही सांगू शकत नाही. पंचांसमक्ष सील करण्यापूर्वी मी साहेबांना विचारून त्यास पूर्ण चावी दिली. लाखेचा शिक्का बसल्यावरही पाकिटातून टिकटिक ऐकू येत होती. हवालदारांनी पाकीट कानाला लावून खात्री केली, त्यानंतर पतीनेही लावले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे, त्यात फरक नाही, म्हणून सही करते. हात ओला असल्याने सही थोडी पसरली आहे, ती माझीच आहे.

(सही) वासंती श्याम मयेकर