मुखवट्याच्या तोंडावर शिक्का नको

आदरणीय अध्यक्ष, आपले गावप्रमुख वानी बी झोरो, व्यासपीठावरचे नवे पोस्टमास्तर, सत्कारमूर्ती तिजिएदादा, आणि पंख्याखालच्या जागेवरून अजून भांडणाऱ्या माझ्या बायांनो, सगळ्यांना माझा, त्रा लू झामिनाचा, नमस्कार.

दादा आज टपालाची खिडकी सोडताहेत. पोरांना खरं वाटणार नाही, पण गोऱ्यांच्या अमलात आपल्या वाडवडिलांचा मुखवटा तिकिटावर होता, नोटेवरही होता. आणि तोही कोणता? बायकांनी बघितला तर घरच्या पुरुषावर संकट येतं, तोच! कुणाला विचारून छापला होता? बाजारात आम्ही नोट घडी करूनच द्यायचो. मासेवाली म्हणायची, "उघड की गं!" मी म्हणायची, "तूच उघड, नवरा जड झाला असेल तर!" काय दिवस होते ते!

पण तिकिटाचं काय करणार? ते म्हणे जिभेनं चाटून लावायचं. वाडवडिलांना चाटायचं? दादा म्हणायचे, "ताई, डोळे मिटा." मग कसाव्याच्या कंदाच्या खळीनं तिकीट चिकटवून शिक्का अलगद कोपऱ्यावर मारायचे. मुखवट्याच्या तोंडावर कधीच नाही.

माझे यजमान तेव्हा गोऱ्यांच्या फौजेतून इंडोचीनच्या लढाईवर होते. मुखवट्याला मार लागला तर तो पाठराखण सोडतो, असं सासूबाईंनी बजावलेलं. माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात अडकलेला. एके दिवशी शहरातून गोरे तपासनीस आले. "कोपऱ्यावर शिक्का? हे तिकीट लोक पुन्हा वापरतील!" असं म्हणत माझंच पत्र त्यांनी पुढ्यात ओढलं. डोळे मिटलेले, पण ऐकलं सगळं. दादा म्हणाले, "साहेब, तुमच्या आजोबांच्या तोंडावर माराल का?" मग धप्प आवाज झाला, आणि पाठोपाठ दादांचं "आई गं!" मी डोळे उघडले. तिकीट दिसलंच नाही. त्यावर दादांचा हात होता, आणि हातावर तारखेचा शिक्का.

साहेब ओशाळले. पत्र कोपऱ्यावरच्या शिक्क्यानंच गेलं.

मघाशी सत्काराचं कापड पांघरताना दादांचं ते वाकडं बोट तुम्ही पाहिलं असेल. पहिल्या रांगेत माझे यजमान डुलक्या घेताहेत, तेही पाहिलं असेल. दादा, त्यांचं हे घोरणं मी रोज ऐकते, आणि रोज तुमची आठवण काढते.

नवे पोस्टमास्तर, आता तिकिटं आपल्या देशाची आहेत, मुखवटे तेच आहेत. तुमचा हात तरुण आहे, जरा जपून चालवा.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझा शिक्का कुणाच्या तोंडावर पडला असेल तर माफ करा. मारायचा कोपऱ्यावरच होता.