विश्वनाथरावांचे पाय

मंडळी, भक्ती पारखण्याचा मला मोठा अभिमान होता. चैत्रात औरंगपुऱ्यातल्या मंदिराची फरशी तव्यासारखी तापली होती. आम्ही उड्या मारत होतो, पण आमचे भजनातले सोबती विश्वनाथराव संथपणे प्रदक्षिणा घालत होते.

"चटका बसत नाही?" मी विचारले.

"नाय बुवा, काहीच कळंना."

"याला म्हणतात देहभान हरपणे!" असे म्हणत मी सर्वांदेखत त्यांचे पाय धरले. तळव्याचा फोड हाताला लागला, तोही मला भक्तीची खूणच वाटला.

पुढे तो फोड चिघळला आणि तो पाय कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहानं मज्जातंतू निकामी झाले होते, चटक्याचा निरोप मेंदूला पोचतच नव्हता. तेव्हाच आणायचं होतं."

भेटायला गेलो, तेव्हा मी क्षमा मागायला वाकलो. विश्वनाथराव हसून म्हणाले, "बुवा, आता एकच उरलाय, याला तरी धरू नका."