लक्ष्मीच्या खात्यावरचे दोन हजार

(देवास. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची कचेरी, पौषातली सकाळ; आत दीर-भावजय आणि मुनीम मोरोपंत. बाहेर ओसरीवर बदनावरच्या सेठचा वसुलीचा माणूस मानाजी विडी ओढत बसला आहे.)

जगदेवराव : सही करा, वहिनी. इतकीशी बात, तिचं पुराण कशाला?

जानकीबाई : लगाम ओढला की निघायला मी तुमची नवी बग्गी नाही, भावजी. मोरोपंत, काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.

मोरोपंत : "यंदाचे नुकसान कलदार रुपये दोन हजार साठ. पैकी बाईसाहेबांच्या चौथाईवर पाचशे पंधरा. ते आठ दिवसांत न भरल्यास जिनमधली ती चौथाई जगदेवरावांनी घ्यावी."

जानकीबाई : वा! दिवाळीला बाराशे नफा झाला होता. माझे तीनशे तुम्ही स्वतः ताटात घालून आणलेत, वर रेशमी रुमाल टाकून. आणि पौषात दोन हजारांचं नुकसान? सरकी जळली, की यंत्र कुणी खिशात घालून नेलं?

जगदेवराव : अहो, बदनावरच्या उमाशंकर सेठचे दोन हजार आणि साठ व्याज आज द्यायचेत. द्यायचे म्हणजे खर्च. खर्च म्हणजे नुकसान. हिसाब एकदम साफ!

जानकीबाई : घेतले कधी?

मोरोपंत : नवरात्रात. तीन महिन्यांच्या मुदतीनं, दरमहा शेकडा एक.

जानकीबाई : मग जुन्या वहीतलं सेठचं खातं काढा.

मोरोपंत : तसं खातं... उघडलेलं नाही.

जानकीबाई : मग दोन हजार जमा झाले कुणाच्या नावावर?

मोरोपंत : श्रीलक्ष्मीच्या.

जानकीबाई : कुणाच्या?

मोरोपंत : जगदेवराव सरकारांचा हुकूम, बाईसाहेब! नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागची देणी उतरतात. दिवाळीला वहीची पूजा, दरबारची माणसं यायची, पान उघडं ठेवायचं. तिथं बदनावरच्या सेठचं नाव दिसलं तर अब्रू काय राहिली?

जगदेवराव : धारची पाहुणेमंडळीसुद्धा होती, वहिनी! त्यांच्यासमोर कर्जाचं पान?

जानकीबाई : म्हणजे लक्ष्मी कमळावरून उतरली, बदनावरला जाऊन तिनं छकडा जोडला, दोन हजार कलदारांच्या थैल्या घालून देवासपर्यंत बैल हाकत आली, आणि जाताना मोरोपंतांच्या कानात सांगून गेली, शेकडा एक व्याज, मुदत तीन महिने?

मोरोपंत : बैलांचं काही वहीत नाही, बाईसाहेब.

जानकीबाई : आणि दिवाळीला देवीचं खातं मिटवून ती रक्कम टाकलीत कशात?

मोरोपंत : ...नफ्यात.

जानकीबाई : मग खरं काय ते मी सांगते. दोन हजार काढा त्या नफ्यातून. खाली आठशेचा तोटा निघतो. जिन तोट्यात आणि आपण वाटे खाल्ले! माझे तीनशे, तुमचे नऊशे. तुमच्या नऊशेंना चाकं लागली, ती दारात उभी आहेत.

जगदेवराव : तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?

जानकीबाई : यजमानांची नजर गेल्यावर बारा वर्षं ही वही त्यांना मी वाचून दाखवत होते. तुम्ही तेव्हा शिकारीला जात होता.

जगदेवराव : जाऊ द्या ते. पैसे द्यायचे तर आहेत! माझा हिस्सा मी सतवासच्या सावकाराकडून उचलतो.

जानकीबाई : उचला ना. तेही देवीच्या नावावर टाका, म्हणजे पुढच्या दिवाळीला पुन्हा नफा! असं दहा वर्षं उचलत राहिलात तर अख्खा माळवा विकत घ्याल.

मोरोपंत : (हसू दाबत) खरंच की, सरकार.

जगदेवराव : तुम्ही चूप बसा, पंत!

जानकीबाई : ते दोन हजार आले तेव्हा दुसऱ्याचे होते, गेले तेव्हाही दुसऱ्याचेच. त्यात नफा कुठला नि तोटा कुठला? खर्च फक्त व्याजाचा, साठ रुपये. माझ्यावर पंधरा येतात. बाकीचे पाचशे तुम्हाला माझी चौथाई गिळायला हवेत.

जगदेवराव : वहिनी! शपथेवर सांगतो, तसा इरादा नव्हता.

जानकीबाई : नसेलही. इराद्यासाठी हिशेब यावा लागतो.

मोरोपंत : सरकार, मानाजी बाहेरून विचारतोय. पैसे नसतील तर मुदत मिळेल म्हणतो, पण वहीत सेठच्या नावानं रक्कम दाखवा म्हणतो.

जगदेवराव : आता हो? काय दाखवायचं त्याला?

जानकीबाई : देवीचा फोटो.

जगदेवराव : थट्टा नको, वहिनी. काहीतरी करा.

जानकीबाई : हे घ्या माझे तीनशे. रुमालाची गाठसुद्धा सोडलेली नाही. तोट्याच्या धंद्यातून आलेला नफा पचत नाही मला. तुम्ही बग्गी विकून नऊशे आणा. बाराशे त्याला पोचते करा, राहिलेल्या आठशे साठांना दोन महिने मागा. माघात कापसाच्या गाठी विकल्या जातील. त्या मुदतीच्या कागदावर मी सही करते. हा तुमचा कागद बंबात घाला.

जगदेवराव : बग्गी... लोक काय म्हणतील?

जानकीबाई : लोक आज तुम्हाला बग्गीत बघून काय म्हणतात ते मानाजीला विचारा.

मोरोपंत : मग सेठचं खातं उघडू, सरकार?

जगदेवराव : ...उघडा.

जानकीबाई : पंतांनी नाही. भावजी, तुम्ही लिहा. "उमाशंकर सेठ, बदनावर." गावासकट.

जगदेवराव : हे घ्या. लिहिलं.

मोरोपंत : आणि बाईसाहेब, नव्या वहीतल्या लक्ष्मीच्या पानाचं काय करू?

जानकीबाई : कोरं ठेवा. पुढच्या दिवाळीला पाहुण्यांसमोर तेच उघडा.