रोज उगवणारी फाईल

“जरा सरका ना! कॉम्प्युटर बाकवर, अन् मी हवामा!”

प्रमिलाबाई नवऱ्यावर, गिरधरभाऊंवर, करवादल्या. नंदुरबारच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटरसाठी थांबलेल्या प्रिस्किलानं अंग चोरून जागा दिली. कान मात्र तिथंच ठेवले.

गिरधरभाऊ दुकानातल्या मेकॅनिकला सांगू लागले, “भाऊ, आमनी सून सीमा यामा चोरीन काहीतरी लिखस. मी ती फाईल रोज पुसस, ती रोज परत उगी येस. त्यावरून भांडण व्हयनं, सीमा माहेरले निंघी गयी.”

मेकॅनिकनं फाईल पाहिली. “काका, ही लॉग फाईल आहे. ती कॉम्प्युटर स्वतःच लिहितो.”

“स्वतःच? त्याले कोनी शिकाडं?”

“कधी सुरू झाला, काय अडलं, याची नोंद असते. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. हे बघा.”

“आकडाच आकडा!” प्रमिलाबाई पुढं वाकल्या. “गुपित नसतं, तर इतलं आडवंतिडवं कोन लिखतं?”

“काकू, ‘प्रिंटर सापडला नाही’ एवढंच पुन्हापुन्हा लिहिलंय.”

“आमनं नाव नई कोठे? सासू, सासरा, असं?”

“नाही.”

“नीट देख, भाऊ. सीमा गयी तरी फाईल उगसच. तठून लिखत व्हई.”

“काका, ती पुसायला तुम्ही रोज कॉम्प्युटर सुरू करता ना? म्हणून तो रोज नवी लिहितो.”

प्रिस्किलानं तोंडाला पदर लावला. बाहेर मिरचीचा खकाणाही होताच.

“आते आपला पोऱ्याले काय सांगानं?” गिरधरभाऊ पुटपुटले.

“सांगू, मशीन बिघडेल व्हतं,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“हा. मशीनच बिघडेल व्हतं.”

मग प्रमिलाबाईच म्हणाल्या, “मशीन चांगलं शे. सीमाले आपनच काढी दिधं.”